घरच्या रेकॉर्डिंगमध्ये परत परत येणारी घूं: शोधायची कशी, घालवायची कशी

लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. घरात बसून एक गिटार आणि एक गळा एवढ्यावर अल्बम करायचं ठरलेलं असतं. पहिली दोन गाणी स्वच्छ येतात. तिसऱ्यात शेवटचा कॉर्ड विरत जाताना त्याच्याखाली बारीक घूं ऐकू येते. केबल बदलली की जाते, जिवात जीव येतो, आणि पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंगला बसलं की पुन्हा हजर. मग कुणी सांगतं इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी, बदल, कुणी सांगतं प्लग-इन, म्हणजे आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर, लाव. पैसे जातात, घूं राहते.

ठाण्यात आणि नवी मुंबईत ओळखीच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या घरी हे इतक्यांदा पाहिलंय की एक गोष्ट छातीठोकपणे सांगते: परत येणारी घूं बहुधा एक नसतेच. दोन किंवा तीन वेगवेगळ्या घूं एकमेकींच्या आड लपलेल्या असतात. सगळ्यात मोठी काढली की दुसरी पुढे येते. त्यातली एखादी सोसायटीच्या पंपासारखी आपल्या वेळेला येणारी-जाणारी असली, तर तुम्ही केबल बदलायला आणि पंप बंद व्हायला एकच गाठ पडते आणि श्रेय केबलला जातं. म्हणून आधी शोध, मग उपाय, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की अल्बम बिघडतो.

एकट्या गिटारलाच ही का छळते

बँडच्या गाण्यात ड्रम आणि बेसच्या गर्दीत ही घूं कुणाच्या कानावर येत नाही. एकल गाण्यात तिला झाकायला काहीच नसतं. बोटांनी हळू छेडलेली तार आणि जवळजवळ बोलल्यासारखा लावलेला आवाज पकडायचा म्हणजे गेन, म्हणजे इंटरफेस माइकचा सिग्नल किती वाढवतो ते, वर न्यावाच लागतो. शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक (चुंबक आणि कॉइलवर चालणारा) माइक असेल तर अशा हळू गाण्याला ५५-६० डेसिबल गेन सहज लागतो, आणि तिथे इंटरफेसची स्वतःची सळसळही वर येते. रोड एनटी१ सारख्या मोठ्या डायफ्रामच्या कंडेन्सरचा, म्हणजे बारीक आवाजही पकडणाऱ्या माइकचा, स्वतःचा नॉइज ४-५ डेसिबलच्या घरात असतो, त्यामुळे सळसळीचा प्रश्न मिटतो. पण तोच माइक शेजारच्या घरातला मिक्सरही तितक्याच स्पष्टपणे टिपतो.

शिवाय आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात येते. रेकॉर्डिंग करताना पीक, म्हणजे आवाजाची सगळ्यात उंच टोकं, −१२ ते −१० डेसिबलच्या आसपास ठेवलेले असतात, ते योग्यच आहे. मास्टरिंगमध्ये, म्हणजे अल्बमच्या शेवटच्या टप्प्यात, हेच शांत गाणं आठ-दहा डेसिबल वर उचललं जातं, थोडं कॉम्प्रेशन (मोठ्या-हळू आवाजांतला फरक कमी करणं) लागतं, आणि घूंही तेवढीच वर येते. जी रेकॉर्डिंगच्या रात्री कुणालाच ऐकू आली नव्हती, ती तयार फाइलमध्ये ठळक होते. लॅपटॉपचे किंवा फोनचे स्पीकर ५० हर्ट्झ, म्हणजे या घूंसारखा खालचा सूर, वाजवूच शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर ऐकून ‘साफ आहे’ असा निर्वाळा देऊ नका. कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवेत.

१९७९ साली टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ बाजारात आणला आणि कॅसेटवर चार ट्रॅक घरी रेकॉर्ड करता येऊ लागले. त्या कॅसेटवर टेपची सळसळच इतकी असायची की खोलीतले बारीक आवाज तिच्याखाली झाकून जायचे. आज २४ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये ते पांघरूण उरलेलं नाही. घरच्या अल्बमचा जो जवळिकीचा गुण आपल्याला हवा असतो, म्हणजे श्वास, बोटांची हालचाल, लाकडाचा आवाज, तो घूंच्याच पातळीला राहतो. एकाला धक्का लावला की दुसऱ्याला लागतोच. माझा सगळा आग्रह त्यापायीच आहे.

पहिला फैसला: वायरीतली की हवेतली

यासाठी एक छोटा प्लग करून घ्या. एक्सएलआरचा, म्हणजे माइकच्या केबलचा तीन पिनांचा, कनेक्टर घ्यायचा, माइकवर असतो तसा नरपिनांचा, आणि त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर टाकायचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन्ही किरकोळ पैशांत मिळतात, झाळायला दहा मिनिटं लागतात. माइक काढा, त्याच केबलच्या टोकाला हा प्लग लावा, फँटम पॉवर (इंटरफेस कंडेन्सर माइकला देतो ती वीज) बंद ठेवा, गेन होता तिथेच ठेवा आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. घूं तशीच आली तर ती केबल, इंटरफेस किंवा विजेच्या बाजूची आहे. गेली, तर ती हवेतून किंवा जमिनीतून माइकमध्ये शिरते आहे. एक अपवाद लक्षात ठेवा: डायनॅमिक माइकची कॉइल जवळच्या अ‍ॅडॉप्टरचं चुंबकीय क्षेत्रही पकडते. माइक जागच्या जागी फिरवल्यावर घूं कमी-जास्त होत असेल तर कारण हे, आणि उपाय अ‍ॅडॉप्टर दूर सरकवणं एवढाच.

दुसरी चाचणी एमसीबीची. घरच्यांना सांगून ठेवा, लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा आणि घराचा मेन एमसीबी पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. इंटरफेस यूएसबीवर चालणारा असेल तर लॅपटॉपच्या बॅटरीवर तो चालूच राहील. आता खोलीत नुसतं शांत बसून मिनिटभर रेकॉर्ड करा. तुमच्या घरातल्या विजेमुळे येणारं सगळं या फाइलमधून गळून पडलेलं असतं. जे उरतं ते इमारतीचं आणि रस्त्याचं. ही फाइल जपून ठेवा, पुढे प्रत्येक वेळी तुलनेला ती लागेल.

आता आकडे वाचायचे. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात शांततेचा तुकडा निवडून स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला सूर किती जोरात आहे त्याचा आलेख, काढा आणि साइझ ६५५३६ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलला त्याने आलेखावरचे बिंदू पाऊण हर्ट्झपेक्षाही कमी अंतरावर येतात. २०४८ सारख्या छोट्या साइझवर ४८ आणि ५० एकाच टेकडीत मिसळतात, आणि सगळी गोम त्या दोन हर्ट्झमध्येच आहे.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे विजेची घूं ५०, १००, १५०, २०० अशा ठरलेल्या खुंट्यांवर दिसते. पंपाची मोटार मात्र ५० च्या थोडी मागे राहून फिरते. सोसायट्यांमध्ये बसवतात ते मोनोब्लॉक पंप साधारण २८८० आरपीएमचे, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांचे, मोटारीवरच्या पाटीवर तसं लिहिलेलंच असतं. २८८० ला ६० ने भागा, ४८ येतात. म्हणजे पंपाचा धक्का ४८ हर्ट्झच्या आसपास, विजेची घूं नेमकी ५० वर. स्पेक्ट्रममध्ये दोन शेजारशेजारच्या टोकदार रेषा दिसल्या की समजा दोघंही घरात आहेत. कानाला हे सपाट घूं न वाटता सेकंदाला सुमारे दोनदा फुगणारी-ओसरणारी घूं वाटते. पंपाच्या मोटारीतून १०० हर्ट्झची गुणगुणही निघते, म्हणून १०० वरून निकाल लावू नका. ४८ बघा.

विजेच्या बाजूचे नेहमीचे आरोपी

पहिला संशय लॅपटॉपच्या चार्जरवर घ्या. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट हलकेच फिरवा. झिणझिण्या जाणवल्या तर अर्थिंग मिळत नाहीये. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा करंट गळतो, तो अर्थच्या वायरीने निघून जायला हवा. चार्जर दोन पिनांचा असेल, किंवा तीन पिनांचा असून बोर्डात अर्थची वायरच पोचलेली नसेल, तर तो लॅपटॉपच्या अंगावर राहतो आणि यूएसबीतून इंटरफेस, तिथून केबल, तिथून पिकअप असलेल्या गिटारच्या तारांपर्यंत पोचतो. तारांना हात लावला की घूं कमी होते आणि सोडला की वाढते, हे याचं हमखास लक्षण.

टेक, म्हणजे गाण्याचं एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, घेताना बॅटरीवर काम करणं हा आजचा उपाय. कायमचा उपाय म्हणजे वायरमनला बोलावून बोर्ड तपासून घेणं. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्ट, असं मीटरवर दिसलं तर ठीक. फेज-अर्थचा आकडा मध्येच कुठे तरी तरंगत असेल तर अर्थ तुटलेला आहे. जुन्या इमारतींत बोर्डाला तिसरं भोक असतं, मागे वायर नसते. हे काम स्वतः करू नका, आणि फक्त रेकॉर्डिंगसाठीच नव्हे तर घरातल्या माणसांसाठी ते करून घ्या.

अर्थची पिन काढून टाक, घूं जाते, असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. घूं कधी कधी जातेही. पण मग कुठल्याही उपकरणात बिघाड झाला तर २३० व्होल्ट तुमच्या हातातल्या तारांवर येऊ शकतात आणि ओठ माइकच्या जाळीला लागलेले असतात. हा मार्ग पूर्ण बंद समजा. दोन उपकरणांच्या अर्थमुळे लूप (करंट फिरत राहील असा वेढा) तयार होत असेल, म्हणजे लॅपटॉप एका बोर्डावर आणि स्पीकर दुसऱ्या, तर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरी राहिली तर ग्राउंड लिफ्ट असलेला ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नलच्या केबलमध्ये बसणारी आणि फक्त त्या केबलपुरती अर्थ तोडणारी पेटी, लावा, त्यात सुरक्षेची अर्थ तशीच राहते आणि लूप तुटतो. घूं फक्त स्पीकरमध्ये आहे की फाइलमध्येही, हे आधी फाइल फोनवर नेऊन हेडफोनने ऐकून ठरवा. नुसती स्पीकरमधली असेल तर तुमचा टेक निर्दोष आहे, उगाच पुन्हा गाऊ नका.

पंख्याचा रेग्युलेटर हा दुसरा. जुना गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या स्पीडवर विजेची लाट कापून पंख्याला देतो आणि त्या कापण्यातून घूंपेक्षा तीक्ष्ण, ‘झर्र’ अशा आवाजाची भेसळ होते. तो शेजारच्या खोलीतला असला तरी त्रास देतो. पंखा पूर्ण बंद किंवा पूर्ण वेगात असताना ही झर्र नाहीशी होत असेल तर चोर सापडला. टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या. स्वस्त एलईडी दिवे आणि साइन वेव्ह नसलेले इन्व्हर्टर यांचाही त्रास याच जातीचा, त्यावर वेगळं लिहीत नाही. फोन एअरप्लेन मोडवर ठेवायचा आणि राउटरजवळ केबल न्यायची नाही, एवढं सगळे करतातच.

पंप, पाइप आणि दहा बाय बाराची खोली

नेरूळमधल्या एका मित्राच्या घरचा प्रकार तपशिलात सांगते, कारण बहुतेक फ्लॅटमध्ये असंच काहीतरी असतं. त्याची रात्रीची गाणी स्वच्छ यायची, सकाळची खराब. त्याने निष्कर्ष काढला होता की सकाळी व्होल्टेज कमी-जास्त होतं. प्लगची चाचणी केली, घूं नाही. एमसीबी पाडला, घूं कायम. म्हणजे हवेतली किंवा भिंतीतली. माइकचा स्टँड हाताने अलगद उचलून धरला तर ती निम्म्याने कमी झाली, म्हणजे मोठा वाटा जमिनीतून येत होता. मग खोलीत हात लावत फिरलो. खिडकीच्या डाव्या बाजूच्या भिंतीला तळवा टेकवल्यावर थरथर स्पष्ट जाणवली. बाहेर बघितलं तर गच्चीवरच्या टाकीकडे जाणारा पाण्याचा पाइप तिथूनच वर जात होता आणि त्याची लोखंडी क्लॅम्प थेट भिंतीत ठोकलेली. खाली वॉचमनकाकांना विचारलं, पंप कधी लावता? त्यांनी सांगितलेली वेळ आणि खराब टेकांची वेळ तंतोतंत जुळली.

उपाय दोन झाले. सोसायटीच्या प्लंबरने क्लॅम्प सैल करून पाइप आणि लोखंडाच्या मध्ये जाड रबराची पट्टी घातली. सेक्रेटरींना अर्ज केला तेव्हा रेकॉर्डिंगचं कारण न देता थरथरीने भिंतीला तडा जाण्याचं कारण दिलं, ते खरंही होतं आणि काम लवकर झालं. दुसरा उपाय घरातला: माइकचा स्टँड आणि बसायची खुर्ची एकाच जाड सतरंजीवर, स्टँडखाली आणखी घडी घातलेली रजई, आणि माइकला शॉकमाउंट, म्हणजे तो रबरावर टांगून धरणारी चौकट.

एवढं करूनही थोडी घूं उरली, आणि इथे खोलीचं माप आडवं आलं. आपल्याकडच्या बेडरूम बहुतेक दहा बाय बाराच्या आसपास. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. तीस अंश तापमानाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४९ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की पावणेअठ्ठेचाळीस हर्ट्झ येतात. म्हणजे बारा फुटांची खोली नेमकी पंपाच्या सुराला साथ देते! तो सूर दोन्ही टोकांच्या भिंतींशी आणि कोपऱ्यांत सगळ्यात जोरात उभा राहतो, मधोमध सगळ्यात कमी. आणि घरी रेकॉर्ड करणारे माइक कुठे लावतात? कोपऱ्यात, कपाटाच्या आडोशाला, कारण तिथे ‘शांत’ वाटतं.

अगदी मधोमधही नको, कारण तिथे त्याच्या दुप्पट, म्हणजे ९५ च्या आसपासचा सूर जोर धरतो आणि तो गिटारच्या खालच्या तारांना फुगवतो. लांबीच्या बाजूने एका भिंतीपासून साडेचार फुटांवर माइक ठेवला की दोन्हींचा बऱ्यापैकी तोल साधतो. मित्राने पलंग सरकवून जागा केली. खर्च शून्य, आणि फरक कुठल्याही प्लग-इनपेक्षा मोठा. तुमची खोली अकरा फुटांची असेल तर हाच हिशेब बावन्नच्या आसपास जातो. टेप घेऊन मोजा, भागाकार करा.

फ्रिजचं सगळ्यांना माहीत असतं, तरी टेक संपल्यावर तो परत लावायचा राहतो आणि दूध नासतं. घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची जुनी युक्ती अजून चालते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाल्या नव्या फ्रिजची शीळ सूर बदलत राहते, म्हणून नंतर कुठल्याही फिल्टरने ती धरता येत नाही. तो बंदच करायला हवा. छताचा पंखाही बंद. त्याची पाती खोलीतून परत येणारा आवाज सारखा कापत राहतात, लांब विरणाऱ्या सुराला त्याने बारीक कंप येतो. एप्रिल-मे मध्ये पंख्याशिवाय बसणं कठीण असतं हे मान्य, पण दोन टेकांच्या मध्ये पंखा लावा, टेकमध्ये नको.

वेळ भागाप्रमाणे बदलते

‘रात्री रेकॉर्ड कर, शांत असतं’ हा सरसकट सल्ला आपल्याकडे लागू नाही. नौपाडा, कोपरी, कळवा इथे रुळांजवळ राहणाऱ्यांना शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली येईपर्यंतचे दोन-तीन तास मिळतात, तेही मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्यांमधून वेचून. घोडबंदर रोडच्या तोंडाशी राहत असाल तर उलट आहे: अवजड वाहनं रात्रीच सुटतात, कंटेनर चढाला लागला की खिडकीच्या काचा घुमतात. तिथे आतल्या बाजूची खोली निवडा, रस्त्याकडची नको, मग ती कितीही मोठी आणि सुंदर असो. तुर्भे-सानपाड्याला एपीएमसीचा भाजीबाजार पहाटेच जागा होतो, म्हणून ट्रक तुमच्या ‘शांत’ वेळेतच येतात. वसंत विहार, उपवन, येऊरच्या पायथ्याशी रस्ता दूर असतो, पण पावसाळ्यात रातकिडे सुरू झाले की त्यांचा सूर माणसाच्या आवाजाच्या कितीतरी वर चालू राहतो आणि बंद खिडकीतूनही आत येतो.

मला स्वतःला दुपारी दोन ते चार ही वेळ सगळ्यात भरवशाची वाटते. अनेक सोसायट्यांत त्या वेळात ड्रिलिंग-तोडफोड बंद ठेवायचा नियम असतो, पंप बहुधा सकाळ-संध्याकाळचा, मुलं शाळेत किंवा झोपलेली. गळाही सकाळच्या जडपणातून मोकळा झालेला असतो. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत पहाटेची वेळ तर सोडूनच द्या, कोकीळ एकदा लागला की थांबत नाही. आणि पावसाळ्यात खिडकीवर पत्र्याची शेड असेल तर पावसाचा ताशा टेकमध्ये येणारच. त्या दिवसांत गिटारचं लाकूडही दमट हवेने फुगतं, तारा वर उचलल्या जातात, सूर टिकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी कुणालाच मुख्य टेक घ्यायला सांगत नाही.

माइक कसा धरायचा

घूं आहे तेवढीच राहिली आणि गाणं माइकच्या जवळ आलं तरी काम होतं. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो, तेवढा गेन खाली येतो. दोन फुटांवरून एका फुटावर या. फार जवळ गेलात तर कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक खालचे सूर फुगवतो, गिटारच्या साउंडहोलसमोर तर हमखास. म्हणून माइकचा रोख बाराव्या फ्रेटकडे ठेवा. कार्डिऑइडची पाठ बहिरी असते, ती पाठ खिडकीकडे किंवा पाइपच्या भिंतीकडे करा. बहुतेक जण बसण्याच्या सोयीने खुर्ची ठेवतात आणि माइकचं तोंड नेमकं रस्त्याकडे होतं. आधी गोंगाटाची दिशा ठरवा, मग खुर्चीची.

हाय-पास, म्हणजे खालचे सूर कापणाऱ्या, फिल्टरबद्दल सावध राहा. माइकवरचं किंवा इंटरफेसवरचं बटण साधारण ७५-८० हर्ट्झच्या आसपास कापतं. गिटारची सहावी तार मोकळी ८२ हर्ट्झची, म्हणजे ती अगदी काठावर आहे. गाण्यासाठी ठीक, गिटारच्या माइकला मात्र मी ६० च्या वर जात नाही. सहावी तार डी ला उतरवलेली असेल तर ती ७३ वर येते, तेव्हा तर नाहीच.

सॉफ्टवेअर, आता

सगळं करून जे उरलं त्यासाठी फक्त अरुंद नॉच, म्हणजे नेमका एकच सूर दाबणारा फिल्टर, लावा, ५० वर आणि दिसत असेल तर १५० वर. १०० वर हात लावण्याआधी गाण्याची पट्टी बघा. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी, आपली पांढरी पाच, ९८ हर्ट्झचा आहे. १०० ची घूं आणि ९८ चा जी एकत्र आले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, आणि वाजवणाऱ्याला वाटतं गिटार उतरली. ट्यूनर काढून तारा पिळत बसलेले लोक मी पाहिलेत. गिटार सुरात होती, घूं सुरात नव्हती. आणि १०० वर नॉच मारला तर त्याच जीचं अंग जातं, कॉर्डचा पाया पोकळ वाटतो. जी मधल्या गाण्यांत घूं मुळातूनच घालवणं हाच मार्ग. पर्याय नसेल तर कॅपो (गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) एखाद-दोन फ्रेट वर लावून पट्टी बदला आणि तो टेक पुन्हा घ्या.

सरसकट नॉइज रिडक्शन, ज्यात शांततेचा नमुना देऊन बाकी सगळ्यातून तो वजा करतात, ते एकल गाण्यात मी शेवटच्या इलाजासारखं वापरते आणि ६ डेसिबलच्या पुढे नेत नाही. त्याच्या पुढे गेलं की विरत्या तारेच्या शेपटाला पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज येतो आणि शब्दांमधला श्वास अर्धवट तुटतो. तारांवरून बोटं सरकल्याची चर्र, खुर्चीची एखादी कुरकुर, ओळ सुरू होण्याआधी घेतलेला श्वास, हे काढू नका. ऐकणारा त्यासाठीच घरच्या अल्बमकडे येतो.

गाण्यागाण्यातली शांतता

एक दोष फक्त अल्बम सलग ऐकतानाच पकडला जातो. प्रत्येक गाणं वेगळ्या दिवशी झालेलं, म्हणून प्रत्येकाखालची शांतता वेगळी. एक गाणं संपून दुसरं सुरू होताना मागची जमीन एकदम बदलते आणि कान दचकतो. यासाठी दर बैठकीला, सगळं जागच्या जागी असताना, कुणीही न हलता मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा. दोन गाण्यांच्या मधल्या जागेत डिजिटल शून्य टाकण्याऐवजी हीच शांतता एकमेकींत हळूहळू मिसळा. टेकच्या फाइलच्या नावातच तारीख, वेळ आणि पंप चालू की बंद एवढं लिहा. ‘घूं परत आली’ असं वाटेल तेव्हा ती नावं ओळीने वाचली की कुठल्या वेळेला ती येते हे बहुतेकदा तिथेच दिसतं.

शेवटचा मास्टर तयार झाला की तो हेडफोनवर नेहमीपेक्षा थोडा मोठा करून फक्त गाण्यांच्या शेवटच्या दहा-दहा सेकंदांपुरता ऐका. जिथे घूं जाणवेल तिथला मिनिट-सेकंद टिपा, स्पेक्ट्रम काढा, ४८ आहे की ५० ते बघा. ५० असेल तर चार्जर आणि अर्थिंगपासून सुरुवात करा. ४८ असेल तर खाली जाऊन पंपाची वेळ विचारा आणि तेवढं गाणं दुसऱ्या वेळेला पुन्हा घ्या.